भुईमुगातली हुमणी

नालवाडी, २० ऑगस्ट १९५७

गुरुजी,

तुमच्या शेवटच्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही. तेव्हा कॉलेजची परीक्षा होती, आणि ती संपायच्या आत तुम्ही गेलात. इतक्या वर्षांच्या गप्प राहण्याची माफी आज मागतो आहे, तीही अडलो म्हणून.

नाचणगावला धाकट्या भावाच्या वावरात हुमणी लागली आहे. भुईमूग जागोजाग पिवळा पडून मान टाकतो. झाड ओढलं की मुळाशिवाय हातात येतं, आणि खाली उकरलं की ती लठ्ठ पांढरी अळी अंग आक्रसून पडलेली. रविवारी गेलो तेव्हा त्यानं कीड मारायच्या भुकटीचं पोतं दाखवलं. उग्र वास. त्याची पोरं ओल्या शेंगा उपटून तिथंच खातात, हे पहिलं मनात आलं. दुसरं हे, की एका संत्र्याच्या बागेत अशी भुकटी टाकल्यावर झाडांच्या आळ्यांत मेलेल्या साळुंक्या मी स्वतः पाहिल्या आहेत. म्हणालो, थांब. डवरणी कर, माती हलू दे, अळ्या वर आल्या की पाखरं उतरतील.

"थांबून राह्यलो ना दादा. कावळा तं मह्या भाकरीवर येते, हुमणीवर नाई येत," तो म्हणाला. मग हसणं थांबवून, "तू शिकला-सवरला. तू म्हणशीन तर पोतं उघडत नाई. पन बुधवारपर्यंत सांगजो. नाई तं सारं वावर खाऊन टाकते थे."

बुधवार उद्या आहे. दोन दिवस मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहतो आणि काय लिहायचं ते विसरतो.

कारण मी त्याला जे सांगितलं ते कुठून आलं, हे मला माहीत आहे. मी चौथीत आहे. शाळेमागच्या वांग्यांच्या वाफ्यात एक काळी, केसाळ गांधीलमाशी मातीतून वर येते आहे आणि मी तिला चपलेनं मारतो. तुम्ही मागे उभे. "काऊन मारलं बे तिले? आपली मजूर होती थे. तू तं फुकटचा बसून राह्यला." मग तुम्ही मला तिथंच उकरायला लावता. खाली एक हुमणी निपचित पडलेली, आणि तिच्या पोटावर तांदळाच्या कणीएवढं अंडं. माशीचं पिल्लू हिलाच खाऊन वाढणार, तुम्ही सांगता, आणि ती माती पुन्हा हलक्या हातानं लोटायला लावता. संध्याकाळी आम्ही कडुलिंबाखाली गोणपाटं अंथरून फांद्या हलवायचो. हुमणीचे भुंगेरे टपटप पडायचे, आणि ते तुमच्या कोंबड्यांना.

हे सगळं खरं आहे. पण एका वर्षी तुमचाही वाफा वाळला होता, हेही खरं. पाटील ओट्यावरून ओरडले होते, "गुरुजी, तुमचे मजूर सुट्टीवर गेले काय?" आणि तुम्ही म्हणालात, "पगार नाई देल्ला ना त्याहिले!" सगळे हसले. मी आजवर ते वाक्य कितीजणांना सांगितलं. पण पुढं काय झालं? वांगी सावरली, की तुम्ही उपटून टाकलीत? खूप आठवून पाहिलं. नाही आठवत. शाळेचा वाफा गेला तर मुलांना एक धडा मिळतो. भावाचं वावर गेलं तर त्याच्या घरात वर्षभराचं तेल नाही.

मी माश्यांवर, पाखरांवर विश्वास ठेवतो, की तुमच्यावर? आणि तुमच्यावर असेल, तर त्याची किंमत भावानं का द्यावी? त्याच्या वावरात ती काळी माशी आहे का, हेसुद्धा मी पाहिलं नाही. बांधावर उभा राहून बोललो आणि गाडी धरली.

हे कुठं पाठवायचं ते मला कळत नाही, म्हणून वहीतच राहील. एक मात्र कबूल करतो: भावाला मी अजून सांगितलेलं नाही, की मला नक्की माहीत नाही.

उद्या: रजा टाकून सकाळच्या गाडीनं पुलगाव, तिथून नाचणगाव, आणि भावासोबत वावरात बसून माती उकरून पाहणे.