गाडीखालची सव्वीस भोकं

३ ऑक्टोबर, सकाळी ७.४०
आज माझ्यावर जो अन्याय झाला त्याची दखल कोणतंही न्यायालय घेणार नाही, म्हणून ही वही घेईल. चहाचा कप हातात धरून मी माझ्याच जागेत, माझ्याच गाडीशेजारी उकिडवा बसून खाली डोकावत असता गाडीच्या पोटाखालून मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि थेट कपात पडलं. चहा अर्धा शिल्लक होता. साखर बरोबर पडली होती, जे या घरात वर्षातून दोनदा घडतं. ढेकूळ दीड वर्षापूर्वीचं. नदीकाठी गाडी रुतली होती तेव्हाचं. (रुतली नव्हती. मी तिची ताकद अजमावत होतो. ट्रॅक्टरवाल्याला बोलावणं हा अजमावण्याचाच भाग.)

त्याच दिवशी, संध्याकाळी
मिस्त्रीकडे तेल बदलायला गेलो. गाडी मी हौसेने सहा इंच उंच करून घेतलेली, त्यामुळे त्याला नीट वाकावंही लागलं नाही. मान तिरकी केली आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, साहेब, वरून नवरदेव आणि खालून भंगार! म्हणे, चिखल काढा, गंज खरवडा, कोटिंग मारा, नाहीतर चेसिस हातात येईल. माझ्याकडे टाका, तीन दिवसांत देतो. मी म्हणालो, मी स्वतः करीन. एक गिऱ्हाईक हसलं. लक्षात ठेवलंय. मिशीवाला.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. पण रागाचं भांडवल करायचं असतं. मुलगी एकोणीस तारखेला पहिल्या नोकरीवर निघते. डोंगरापलीकडची दगडखाण, मोजणीचं काम. शेवटचे अकरा किलोमीटर रस्ता असा नाहीच, नुसते दगड. तिला मी सोडणार, याच गाडीतून. नाहीतर गाडी घेतली कशाला? नदीकाठ सोडला तर आजवर गाडीने तुडवलेला सर्वांत खडतर प्रदेश म्हणजे मॉलच्या पार्किंगचा उतार. कॉलेजच्या हॉस्टेलला मुलीला बायकोच सोडून आली होती. मला तेव्हा ऑफिसचं काम होतं. (नव्हतं. स्कूटरचं इंजिन उघडलं होतं. ते अजून उघडंच आहे.)

४ ऑक्टोबर
सामान आणलं. तारेचे ब्रश तीन, काळ्या कोटिंगचे डबे सहा, सीलंटच्या नळ्या, चष्मा. दुकानदाराने विचारलं, कोण करणार आहे? सगळे हेच का विचारतात?

खाणीच्या कंपनीचा माणूस म्हणतो, हवी तर आमची जीप पाठवतो, सतरापर्यंत कळवा. मुलीने विचारलं, बाबा, नक्की ना? मी म्हणालो, सांग त्याला, बाप अजून जिवंत आहे. म्हणाली, बापाचं माहीत आहे हो, मी गाडीचं विचारतेय.

आईवर गेली आहे.

५ ऑक्टोबर, रविवार
धुतली. शेजारच्या दंतवैद्याचा प्रेशर वॉशर आणला होता. देताना म्हणाला, जपून, जोर फार आहे. हा माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात पाणी मारतो, म्हणून पाण्यावर आपलीच मक्तेदारी समजतो.

गाडीखाली सतरंजी टाकून उताणा झोपलो आणि पहिला फवारा मारला. दीड वर्षाची नदी तोंडावर आली. चष्मा घरात राहिला होता. दुसरा फवारा दंतवैद्याच्या भिंतीवर. ही भिंत पांढरी रंगवायला त्याला कोणी सांगितलं होतं? तो गच्चीतून नुसता बघत राहिला. सुशिक्षित माणसांचं हे न बोलणं शिवीपेक्षा वाईट.

बाहेर सरकताना शर्ट कशात तरी अडकला. वीस मिनिटं खालीच होतो. बायकोला हाक मारली नाही. तीच आली, पाय धरून ओढलं आणि परत गेली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली.

७ ऑक्टोबर
डब्यावर लिहिलंय: पृष्ठभाग पूर्ण कोरडा असावा, दोन दिवस थांबावे. हे ज्यांना अक्कल नाही त्यांच्यासाठी. मी मुलीचा हेअर ड्रायर वापरला. चाळीस मिनिटांत पुढचं एक चाक आणि जवळचा पट्टा खडखडीत. मग ड्रायरमधून वास आला आणि तो थांबला. हल्लीच्या वस्तूंना दम नाही. आपला लाल पंखा आठवतो, तीस वर्षं चालला.

मुलगी ओले केस घेऊन खाणीच्या कंपनीच्या व्हिडिओ कॉलला बसली. तिने कॅमेरा बंद ठेवला. मी म्हणालो, कामाच्या जागी पोशाखाला महत्त्व नसतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड धुतलेलं नव्हतं.

९ ऑक्टोबर
आज शोध लागला. असा शोध की मिस्त्री, मिशीवाला आणि दंतवैद्य यांची तोंडं एकाच वेळी बंद होतील.

चेसिसच्या दोन्ही लांब लोखंडी पट्ट्या आतून पोकळ आहेत आणि त्यांना खालच्या बाजूला भोकं आहेत. मोजली. सव्वीस! एवढी महागडी गाडी आणि खालून चाळण. लोखंड वाचवायचं, दुसरं काय? पाणी, चिखल, उंदीर, सगळ्यांना मुक्तद्वार. आणि मग वर गंज चढला की गिऱ्हाइकाला हसायचं.

सीलंटने सगळी बुजवली. बोटाने दाबून, काठ गुळगुळीत करून. एकेका भोकाला दहा मिनिटं. वरच्या अंगालाही थोडी दिसतात, पण बॉडी आणि चेसिसच्या फटीत हात पोचत नाही. सोडली. वरून कोण येतंय?

बायको झारी घेऊन उभी होती. म्हणाली, कुंडीलाही खाली भोक असतं. मी म्हणालो, ही कुंडी नाही. म्हणाली, बरं.

तिचं ‘बरं’ म्हणजे पूर्णविराम नसतो. तो बॉम्ब असतो, वात लावून ठेवलेला.

११ ऑक्टोबर, रात्री
कोटिंग! सहाच्या सहा डबे. एक इंचही जागा सोडली नाही. डब्यावर लिहिलं होतं की ब्रेक, सायलेन्सर, फिरणारे भाग झाकून घ्यावेत. झाकायला जुनी वर्तमानपत्रं लागतात. घरात वर्तमानपत्र येत नाही, सगळे फोनवर वाचतात. हा दोष माझा नाही, पिढीचा आहे. शिवाय ब्रेकलाही संरक्षण नको का? लोखंडच ते.

केसांत काळं. कानात काळं. बायको म्हणाली, उशीला लावाल तर हॉलमध्ये झोपा. हॉलमध्ये आहे. कुशीवर झोपायचं म्हटलं तर सोफ्याचं काय?

१२ ऑक्टोबर
दुधाला गेलो तर गाडीखालून धूर. सायलेन्सरवरचं कोटिंग पक्कं होतंय, एवढंच. दूधवाला बादली घेऊन धावत आला. गाडी पेटली, गाडी पेटली! चारजण जमले. त्यांच्यातल्या एकाने माझा फोटो काढला. कशासाठी?

१३ ऑक्टोबर
बारकाईने चाचणी घेतली. वॉशर पुन्हा आणला (दंतवैद्याने भिंतीकडे बोट दाखवलं, मी गाडीकडे दाखवलं) आणि तासभर वरून, बाजूने, फटींतून पाणी मारलं. खाली जमिनीवर जेमतेम थेंब. सगळं बाहेरच्या बाहेर! एक थेंब आत शिरलेला नाही. अशा कामाची तीन दिवसांची मजुरी मागत होता मिस्त्री.

१४ ऑक्टोबर
खळखळ.

वळणावर खळखळ. ब्रेक मारला (हल्ली जरा उशिरा लागतो, कोटिंग नवं आहे) की पुढे खळखळ, सोडला की मागे. पेट्रोलची टाकी असावी. टाकी भरून घेतली. तरी खळखळ. मुलीला विचारलं, मागे पाण्याची बाटली ठेवलीस का? म्हणाली, बाबा, ही बाटली नाही, माठ आहे.

मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल बिघडलं असणार. मिस्त्रीने तेल बदलताना मुद्दाम काहीतरी करून ठेवलं असणार. या लोकांचं असंच असतं. विश्वास कोणावर ठेवायचा?

१५ ऑक्टोबर
बायकोने विचारलं, पाणी मारल्यावर ते गेलं कुठे? मी म्हणालो, वाफ झाली. म्हणाली, ऑक्टोबरात? मी म्हणालो, ऊन आहे. म्हणाली, बरं.

दुसरं ‘बरं’.

१७ ऑक्टोबर, दुपारी
मुलीला घेऊन चाचणीची फेरी मारली. संध्याकाळपर्यंत जीपवाल्याला कळवायचं आहे ना, मग तिने स्वतःच पाहावं. कोपऱ्यापर्यंत उत्तम. धूर किरकोळ. परत येताना दंतवैद्याच्या फाटकासमोर ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. अगदी शांतपणे, लोण्यावरून सुरी जावी तशी पुढे जात राहिली. आतली खळखळ पुढे आली, तिने वर आणखी ढकललं. हँडब्रेक ओढला. फाटकापासून चार बोटं.

मुलगी उतरली, दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मी बोललो असतो. हळू लावलेल्या दाराला काय उत्तर देणार?

थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, फोनवर. हो, पाठवा जीप. एकोणीसला सकाळी. नाही, नाही, वडील ठीक आहेत.

एका गोष्टीची नोंद करून ठेवतो: कोटिंगने ब्रेक निकामी होतात हे कोणत्याही डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाही. बारीक अक्षरांत आहे. चष्मा लावून वाचावं लागतं.

१८ ऑक्टोबर
मिस्त्रीकडे नेली. पहिल्या गिअरवर, माणूस चालेल तेवढ्या वेगाने. मागे सायकलवाले घंटी वाजवत होते. त्यांची मला पर्वा नाही.

मिशीवाला तिथेच बसला होता. त्याला घरदार आहे की नाही?

मिस्त्रीने आधी ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं. मग खाली शिरला, पट्ट्यांवर बोटाने टकटक केलं. मग स्क्रूड्रायव्हर मागितला आणि एका भोकातला सीलंट उचकटला. पाणी असं सुटलं की मिशीवाल्याने पाय वर घेतले. काळं, कुजकट, चिखलाचं. बारा मिनिटं वाहत होतं. मी घड्याळ पाहत होतो, कारण पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कोणीही हसलं नाही. मिशीवालाही नाही. याचा मला फार राग आला. हसले असते तर भांडलो असतो.

मिस्त्रीने विचारलं, ही भोकं कोणी बुजवली? म्हणालो, आधीच्या मालकाने. गाडी शोरूममधून आणायला मिस्त्रीच बरोबर आला होता. म्हणाला, असेल. मग माझ्याकडे न बघता सांगितलं, कंपनीने पाणी जायलाच ठेवलेली असतात, साहेब. वरून येतं ना थोडं, ते जायला नको?

मग मी म्हणालो (का म्हणालो माहीत नाही), मुलीला उद्या सोडायचं होतं.

त्याने शटर अर्धं खाली ओढलं. चारही चाकं काढली. सव्वीसच्या सव्वीस मोकळी केली, मोजत, मोठ्याने. डिस्क पुसायला फडताळातली त्याची शेवटची क्लीनरची बाटली काढली आणि पूर्ण संपवली. मी टॉर्च धरली. मिशीवाल्याने चाकं धरली. आठ वाजले. शेवटी पुढचे ब्रेक पॅड हातात घेऊन उभा राहिला. काळं आत मुरलंय, म्हणाला. नवे मंगळवारी येतील. सपाटीवर चालवा. घाटात नको. पोरगी बसणार असेल तर मुळीच नको.

मी म्हणालो, बिल? म्हणाला, काय बिल, पॅड आल्यावर बघू. पोरीला वेळेवर निघू दे.

मी वाद घातला नाही. थकलो होतो.

१९ ऑक्टोबर, सकाळी ९.१५
जीप आली. आजवर धुतलेली नाही, दिसतंच होतं. मी खाली वाकून पाहिलं. चिखल, गंज, एका बाजूला तार बांधलेली. भोकं उघडी. ड्रायव्हर पोरगेलासा, एका हाताने ट्रंक वर फेकली. माझ्या गाडीत ती ठेवायला दोघे लागले असते. मलाही वर चढायला स्टूल लागतं, ही गोष्ट वेगळी.

मुलगी म्हणाली, बाबा, पॅड बसले की या, रविवारी सुट्टी असते. आणि थांबली.

मी म्हणालो, ड्रायव्हरला मागच्या चाकातली हवा बघायला सांग.

तिने त्याला सांगितलं. त्याने चाकाला लाथ मारून पाहिली, हसला, निघाले. बायको फाटकापर्यंत गेली. मी गाडीपाशीच उभा होतो. काम होतं. (काम नव्हतं.)

२० ऑक्टोबर
दुपारी फोन आला. काल तीनला पोचली. दगड फार आहेत, म्हणाली, पण जीप चढली.

संध्याकाळी मिस्त्रीकडे गेलो, चालत. तो एका गाडीखाली होता, फक्त पाय दिसत होते. पायांनीच विचारलं, पोरगी पोचली का? म्हणालो, पोचली, तीनला. म्हणाला, झालं मग.

वाटेत क्लीनरची बाटली घेतली होती, त्याच कंपनीची. फडताळात जिथे रिकामी जागा होती तिथे ठेवली, लेबल पुढे करून. तो अजून खालीच होता. मी घरी आलो.