इस्तारीची मान

चंद्रपूर, ९ जानेवारी २००४

ती. आजीस रीताचा शि. सा. न.

बाबांचं पत्र भेटलं. गोंडपिपरीचे पाहुणे होळीआधीच लग्न करा म्हणतात, आणि माझी शेवटची परीक्षा मे महिन्यात. मग पॉलिटेक्निकात आले कशाला? बाबा तुझंच ऐकतात, तू बोल.

इथे प्रोजेक्टही अडलंय. रेल्वे फाटकाचं मॉडेल आहे. त्याची दांडी एक छोटी सर्वो मोटर फिरवते. बोटाएवढी चिप तिला वीज देते, जरा थांबते, मग बंद करते. सेकंदाचा हजारावा भाग थांबली तर दांडी आडवी, दीडपट थांबली तर उभी. सगळा खेळ थांबण्याचा. पण माझी दांडी जराशी वळते आणि ढिली पडते.

तुझी माया आहे तशीच राहो.
रीता

आरमोरी, १८ जानेवारी

चि. रीतास आजीचे अ. उ. आ.

तुही माय मैना मासोळ्या विकाले बाजारात गेली, म्हणून हे पत्र तुहा बाबाच लिहून राह्यला. मधात बोलाले लागला तं म्हटलं, इस्तारी, लिहिणाऱ्याले तोंड नसते.

तुही मशीन मले समजली. मले अक्षर येत नाई, पण थांबता येते. त्याले म्हटलं, लिही, परीक्षेआधी पोरीचं लग्न लावणारा बाप म्हणजे मी. अन् मी सुपारी कातरत बसली. थोडी थांबली तं हा दाराकडे पाहे. अजून थांबली तं मान तुह्या फोटोकडे वळली. मी बोलणं बदललं, तं मान पुन्हा दाराकडे. तो म्हणते, मी फोटोकडे पाह्यलंच नाई. तेही त्याच्याच हातानं लिहवलं.

तब्येतीले जप. म्हातारीले विसरू नको.
आजी

चंद्रपूर, २७ जानेवारी

ती. आजीस शि. सा. न.

चूक सापडली. मी मोटरीला एकदाच सांगून गप्प बसत होते. तिला सेकंदात पन्नासदा तेच सांगावं लागतं, दर वेळी तेवढंच थांबून. सांगणं बंद झालं की पकड सुटते. बाबा, आजीला वाचून दाखवताना हे गाळू नका.

रीता

आरमोरी, १२ फेब्रुवारी

चि. रीतास अ. उ. आ.

तुह्या बाबानं चूक सापडली एवढंच वाचलं. बाकीचं मैनानं वाचून दाखवलं.

मंग मी रोज जेवण झालं का त्याले कागद घेऊन बसवो. लिही, लग्न परीक्षेनंतर. अन् थांबो. पुन्हा लिही, लग्न परीक्षेनंतर. अन् थांबो. तो म्हणे, आई, हे तं कालच लिहिलं. मी म्हणो, अक्षर चांगलं नाई आलं. काल मले झोप लागली, जागी होऊन पाह्यतो तं हा एकटाच लिहून राह्यला. गोंडपिपरीले कार्ड गेलं. लग्न परीक्षेनंतर, तेही पोरगी हो म्हणीन तं. आता हा गावभर सांगते का घरात आपलंच चालते. मीही हो म्हणतो.

आता मन लावून अभ्यास कर.
आजी

ता. क. हे आईनं सांगितलेलं नाई. ठरवलं मीच. परीक्षा चांगली दे. मैना वाचून दाखवाच्या आधी पाकीट चिकटवून राह्यलो. — इस्तारी