आकड्याखालचा माणूस

कूस बे, ऑरेगन
६ ऑक्टोबर १९७४

चि. आर्डिस हिस,
हारलनचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

बाबा बरे आहेत, पण पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात आणि जीभ दोन्ही संपावर गेलेत. मी जन्मभर संप घडवले; हा मोडायचा कसा ते कळत नाही. डॉक्टर म्हणतात, हाताला आवडीचं काम द्या, नाहीतर तो कायमचा आखडेल. म्हणून गॅरेजातल्या माझ्या खेळण्यातल्या रेल्वेलगत मी बाबांच्या जुन्या लाकडाच्या वखारीची छोटी प्रतिकृती उभारली आहे. क्रेन तेवढी ठरायची आहे. दुकानात दोन आहेत. एक रुळांवर फिरणारी, वाफेची: बटण दाबलं की घरघरते, दिवा लागतो. दुसरी डेरिक, म्हणजे नुसता खांब, तिरका दांडा, दोरा, त्याला ओझं अडकवायचा आकडा आणि फिरवायचं हँडल. माझं मत वाफेच्या बाजूने. ज्या माणसाने या किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांचं लाकूड उचललं, त्याच्यापुढे काडी-दोरा ठेवायचा?

तुझं मत कळव.
तुझा दादा

ॲस्टोरिया
११ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भाषण असो की क्रेन, तुला आवाज मोठाच हवा! अरे, बटण दाबायला बाबा काय लिफ्टमन आहेत? तुला त्यांचा हात चालायला हवाय की दिवा लागायला? जन्मभर त्यांनी डेरिक चालवली. वाफेच्या क्रेनला ते खोकणारी म्हातारी म्हणायचे, विसरलास? डेरिकच घे. आणि खांब चहूकडून तारांनी ताणून धरलेली नको. तारा रुळांवर आडव्या येतील आणि तुझी गाडी वखारीच्या दारातच गळफास लावून घेईल. मागे दोन तिरके पाय असलेली बघ. सोबत लाकडाच्या मोळ्या करायला देवदाराच्या काड्या पाठवतेय. आगपेटीच्या काड्या रचून बाबांचा अपमान करू नकोस.

लोभ आहेच, ऐकलंस तर वाढेल.
आर्डिस

कूस बे
२१ ऑक्टोबर

चि. आर्डिस हिस,
अ. उ. आशीर्वाद.

ऐकलं तुझं. दोन पायांची डेरिक बसवली आणि काल बाबांची खुर्ची गॅरेजात आणली. त्यांचा उजवा हात उचलून हँडलवर ठेवला. तो तसाच राहिला. मग मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोललो. बरंच बोललो. कॉफी निवली, पण हात हलेना. माझा धीर सुटत चालला होता. तेवढ्यात बाबांनी डावं बोट उचलून आकड्याखाली दाखवलं. तिथे मी शोभेसाठी पेराएवढा एक मजूर चिकटवला होता. आणि आर्डिस, झटक्यानंतर पहिल्यांदा मी बाबांचं अख्खं वाक्य ऐकलं. अडखळत, पण स्वच्छ म्हणाले, की गाढवा, ओझ्याखाली माणूस उभा केलास?

मी! ज्याने गिरणीच्या फाटकावर वर्षानुवर्षं नेमकं हेच ओरडून घसा फोडला, त्या मी! लगेच त्याला उपटला. एक पाय तिथेच चिकटून राहिला, म्हणून त्याला कचेरीत खुर्ची दिली आणि पेन्शन मंजूर केली. तेव्हा कुठे बाबांनी हँडल फिरवलं. मोळी लटपटत वर गेली, वळली, मालगाडीच्या वाघिणीत उतरली. मी टाळ्या वाजवल्या, तर म्हणाले, की टाळ्या राहू देत, पुढची मोळी लाव. संध्याकाळपर्यंत वखार रिकामी!

तेव्हा काड्या आणखी पाठव आणि लवकर पाठव, बाबा खोळंबलेत. तुझा आणि तुझ्याकडच्या साऱ्यांचा लोभ असू दे, फक्त आकड्याखाली कुणी उभं राहू नका.
दादा