थ्रेल्फॉल नक्की कोण?

प्रिय डोरीन,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र न्याहारीच्या ट्रेखाली सरकवून ठेवशील, हे मला माहीत आहे. नऊ वर्षं आपण नाताळच्या कार्डांवर नुसत्या सह्या करून एकमेकांना पाठवतो आहोत. तरीही वाच. बाबा ठणठणीत आहेत, कुणी गेलेलं नाही. उलट माझाच जीव बावीस वर्षांनी भांड्यात पडला आहे, आणि हे तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

आईच्या दफनानंतर सँडविचच्या ताटांपाशी तू मला म्हणालीस, "बाबांना विकून झालंय, आईला तरी सोड." तुझं खरंच होतं. माझ्या रेडिओ कार्यक्रमातला मिस्टर थ्रेल्फॉल म्हणजे आपले बाबा, हे तू पहिल्याच भागात ओळखलं होतंस. त्याच्याआधी मी होतो तरी कोण? कामगारांच्या क्लबांत विनोद सांगायचो आणि लोक मध्येच विचारायचे, बिंगो कधी सुरू होणार. मालिकांत दोनदा पाद्री झालो, एकदा प्रेत. कौतुक झालं ते प्रेताचं. मग ओल्डममध्ये एका संध्याकाळी सभागृह इतकं थंड पडलं, की काही सुचेना म्हणून मी गुडघ्यांवर बसलो, रंगमंचाच्या फळ्यांवर तळहात टेकला आणि म्हणालो, "आज हिरवळ नाराज आहे. कुणी पाय ठेवायचा नाही." सभागृहात हास्याचा स्फोट झाला. बाबा बोलिंग क्लबच्या हिरवळीची निगा राखायचे आणि तिथे चेंडू घरंगळवायला आलेल्या माणसांना रोज सकाळी हेच सांगायचे. "नियम मी केलेला नाही, पण मी आहे तोवर तो आहे" हेही त्यांचंच. रेडिओने मला बोलावलं, नाटकवाल्यांनी बोलावलं, दुकानात लोक थ्रेल्फॉलच्या आवाजात माझ्याकडे सुट्टे मागायला लागले. सगळं बाबांच्या जिवावर, आणि त्यांना न विचारता.

आणि बाबा? तुला तो रविवार आठवत असेलच. भाजलेलं मटण टेबलावर, तू, मी, आई, आणि बायको गेल्यापासून दर रविवारी जेवायला येणारे क्लबचे सेक्रेटरी स्टॅन्ली एंटविसल. रेडिओवर एकचे ठोके पडले, माझ्या कार्यक्रमाचं संगीत सुरू झालं आणि बाबा उठले. रेडिओ बंद केला, परत बसले आणि म्हणाले, "पुदिन्याची चटणी द्या इकडे." तू माझ्याकडे पाहिलंस ती नजर मी आजवर विसरलेलो नाही. त्यांनी या विषयावर एक शब्दही कधी काढला नाही. मला वाटायचं, एकदा शिव्या तरी द्याव्यात.

गेल्या महिन्यात क्लबला शंभर वर्षं झाली. चिठ्ठी आली, 'मिस्टर थ्रेल्फॉल यांनी उद्घाटन करावं.' मी तीन वेळा नकार लिहिला आणि तीनही कागद फाडले. शेवटी गेलो. पहिल्या रांगेत अठ्ठ्याऐंशी वर्षांचे बाबा, शेजारी एंटविसल, दोघांच्या मांडीवर मांसाच्या पेस्ट्रीची आणि लाल कोबीच्या लोणच्याची ताटली. मी हिरवळीच्या कडेला गुडघे टेकले तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. लोक हसू लागले. एक गंमत मात्र माझ्या लक्षात आली. अर्धे लोक हसताना चोरून बाबांकडे बघत होते आणि अर्धे एंटविसलकडे.

संपल्यावर बाबांनी मला बाहीला धरून हिरवळ सपाट करायच्या रोलरच्या शेडमागे नेलं. मनात म्हटलं, आली वेळ. तर ते कुजबुजले, "जरा बेताने कर रे. स्टॅन्लीला अजून पत्ता नाही."

मी विचारलं, कसला पत्ता?

"अरे, थ्रेल्फॉल म्हणजे तोच ना! हुबेहूब उचललायस बेट्याला. ते नियम, ते फुगून बसणं. मी आणि तुझी आई हसून हसून मरायचो. पण रविवारी तो समोर बसलेला, बिचारा एकटा माणूस, त्याच्यादेखत कसं ऐकणार? मंगळवारी कार्यक्रम पुन्हा लागायचा तेव्हा ऐकायचो, इथे शेडमध्ये. एकही चुकवला नाही."

डोरीन, मी शेडमध्ये डोकावून पाहिलं. त्यांचा रेडिओ अजून तिथे आहे, खिळ्याला टांगलेला, गवताच्या बियांच्या डब्यांवर. परत येतो तर एंटविसलने मला गाठलं. "तुझे वडील रागावत नाहीत ना? आम्ही त्यांच्यापुढे विषयच काढत नाही हो. एवढा मानी माणूस." आपल्या डोळ्यातलं मुसळ म्हणतात ते हेच. बावीस वर्षं दोन म्हातारे एकमेकांना जपत होते आणि मी मात्र स्वतःला गुन्हेगार समजून झुरत होतो.

निघताना बाबा गाडीपर्यंत आले. खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, त्याची चार पदरी घडी घातली आणि त्यावर एकदा थोपटलं. थ्रेल्फॉल नकार देण्याआधी हेच करतो. ते म्हणाले, "ही रुमालाची घडी तेवढी स्टॅन्लीची नाही हं. तो चुरगाळून कोंबतो. ही माझी आहे." मी मान खाली घातली. "छान वाटलं," ते म्हणाले. "म्हटलं, पोराने बापाचंही थोडं घेतलं." पुढच्या वळणावर गाडी थांबवून मी मनसोक्त रडलो. इतकं हलकं मला बक्षीस मिळाल्यावरही वाटलं नव्हतं.

आता खरं कारण. शरद ऋतूत माझा नवा कार्यक्रम येतोय. मिसेस बॅम्बर, समुद्राकाठी पाहुणेघर चालवणारी बाई. जिन्यावर, न्हाणीघरात, टोस्टच्या जाळीवरसुद्धा तिच्या चिठ्ठ्या असतात. 'अंडं कसं हवं ते एकदाच सांगावं.' 'समुद्र आमच्या अखत्यारीत नाही.' बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "ही तर स्टॅन्लीची बहीण!" ती स्टॅन्लीची बहीण नाही, डोरीन. ती माझी बहीण आहे. बाबांना मी विचारलं नव्हतं, ते त्यांच्या भोळेपणामुळे निभावलं. तू भोळी नाहीस, म्हणून लिखाण सोबत पाठवतो आहे आणि अजून एक ओळही ध्वनिमुद्रित केलेली नाही. मान्य नसेल, तर पाहुण्यांसाठी दाराला लावतेस तशी दोन ओळींची चिठ्ठी मला पाठव. तुझा नियम मी पाळीन.

तुझाच, आणि या वेळी विचारून,
क्लाइव्ह