‘इतर’ नावाचं बटण

ती. मामांस,

नमस्कार. तुमची दाढ अखेर काढली की अजून ‘विचाराधीन’ आहे? मामीचा पाय दुखायचा थांबला का? ती परवा फोनवर सांगत होती की निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी रोज सकाळी साडेदहा वाजले की तुम्हाला कसंनुसं होतं आणि तुम्ही घरातल्या घरात बूट घालून बसता. तेव्हा हे पत्र मुद्दाम साडेदहालाच उघडा. वर आवक क्रमांक टाका, तारीख घाला, दोन दिवस बाजूला ठेवा, मग वाचा. तब्येतीला बरं वाटेल. आम्ही सगळे खुशाल आहोत. माझा घसा अजून बसलेला आहे आणि सौ. त्याचा फायदा घेऊन मनसोक्त बोलते आहे, एवढं सोडलं तर तक्रार नाही.

मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात हेडक्लार्क आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे (चिकटवलं तुम्हीच होतं). पण गेल्या वर्षापासून मी ‘आपत्कालीन समन्वयक’सुद्धा आहे, हे ठाऊक नसेल. मलाही परिपत्रक हातात पडल्यावरच कळलं. झालं असं, की आपत्ती व्यवस्थापनाच्या सभेला नऊ जणांना बोलावलं होतं आणि वेळेवर गेलेला मी एकटाच. तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात की माणसानं वेळ पाळावी. मामा, त्या दिवशी पाच मिनिटं उशीर केला असता तर आज दुसरंच कुणीतरी हे पत्र आपल्या मामाला लिहीत असतं. मला एक नारिंगी जाकीट, एक शिट्टी आणि चौऱ्याऐंशी पानांची पुस्तिका मिळाली. शिवाय ‘नियंत्रण कक्ष’ मिळाला. तो मुख्य इमारतीच्या जिन्याखाली आहे. तिथं आधी मोडक्या खुर्च्या ठेवत. आता दारावर पाटी लावली आहे, पण खुर्च्या तिथंच आहेत, त्यामुळे आमच्या नियंत्रण कक्षात सतरा खुर्च्या असून बसायला एकही नाही. अर्ध्या भिंतीपलीकडे टेलिफोन एक्स्चेंज आहे, आणि तिथं अकरा वर्षांपासून टेलिफोनवाल्या बाई बसतात. अकरा वर्षं हंगामी. (हंगाम कसला, ते कुणी विचारत नाही.) त्या भिंतीवरून मला स्वतःचं स्टूल देतात आणि स्वतः उभ्यानं फोन घेतात. कुणाचा आवाज कुठल्या विभागातला, ते त्यांना ‘हॅलो’वरून कळतं.

आता यंत्राबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण तिथंच आहे. (गोष्ट लांबते आहे हे मला कळतंय, पण तुम्हाला तरी दुसरं काय काम आहे?) खुर्च्यांच्या पलीकडे एक कॉम्प्युटर आहे. त्याच्या पडद्यावर सहा बटणं: आग, भूकंप, पूर, वादळ, अनोळखी इसम आणि इतर. बटण दाबलं की सगळ्या विद्यापीठाच्या फोनवर तयार मजकूर जातो. तो मजकूर एका समितीनं सात बैठका घेऊन तयार केला. सुरुवातच अशी: ‘विद्यापीठ परिसरातील सर्व संबंधितांना याद्वारे सूचित करण्यात येते की, उद्भवलेल्या परिस्थितीच्या अनुषंगाने...’ आणि फोनवर पहिल्यांदा दिसतात त्या दोनच ओळी! जानेवारीत सराव घेतला तेव्हा सगळ्यांना वाटलं, रजेचं परिपत्रक आलं. मुलांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या आणि जागेवरून कुणीही हललं नाही. फक्त प्रयोगशाळेतल्या चाळीसेक मुली शहाण्यासारख्या निघाल्या, कारण त्यांच्या बाई कडक होत्या. सुरक्षाप्रमुखांनी अहवालात लिहिलं, ‘सराव समाधानकारक. गर्दी झाली नाही.’

सगळ्या मजकुरांचा शेवट मात्र एकच: ‘सर्वांनी तरणतलावालगतच्या मैदानावर एकत्र जमावे.’ मैदान मोकळं म्हणून ते निवडलं. तलावाच्या मागच्या खोलीत पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या टाक्या असतात, हे पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांना माहीत होतं, पण मास्तर समितीवर नव्हते. राहता राहिलं सहावं बटण, ‘इतर’. त्यात आपल्याला हवं ते लिहिता येतं. म्हणूनच त्याला तिघांची परवानगी लागते: कुलसचिव, सुरक्षाप्रमुख आणि मजकूर शुद्ध आहे ना हे बघायला भाषा विभागाचे प्रमुख.

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी स्टुलावर बसून हजेरीपत्रकं तपासत होतो. इतक्यात बाईंचं डोकं भिंतीवर आलं.

“साहेब, तलावावर गॅस सुटलाय. मास्तरांचा फोन होता. टाकीच्या तोंडाशी काहीतरी फुटलंय. दार लावून बाहेर आलेत, पण म्हणतात दाराखालून येतोय. धड बोलता येत नव्हतं त्यांना, इतकं खोकत होते. अग्निशामक दलाला कळवलंय मी.”

मी पुस्तिका उघडली. ‘क्लोरीन’ शोधलं, नव्हतं. ‘वायू’ शोधलं, तर ‘वायुवीजन’ सापडलं (खिडक्या वर्षातून दोनदा पुसाव्यात). मग मनाशी म्हटलं, आग तर आग, लोक बाहेर तर पडतील. बोट ‘आग’वर टेकवणार, तोच बाई ओरडल्या, “थांबा! सगळ्यांना मैदानावर पाठवताय? मैदान तलावाला लागून आहे!” जिन्याखालच्या झरोक्यातून समोरच्या वसतिगृहाचे सज्जे दिसतात. तिथं वाळत घातलेले टॉवेल सगळे एकाच बाजूला फडफडत होते. मैदानाच्या बाजूला. म्हणजे वारासुद्धा समितीच्याच बाजूनं होता.

मी कुलसचिवांना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते, फोन बंद. सुरक्षाप्रमुखांना लावला, बंद. भाषा विभागाच्या प्रमुखांनी मात्र लगेच उचलला. म्हणाले, “मजकूर मेलवर पाठवा, संध्याकाळपर्यंत बघून ठेवतो.” मी म्हणालो, “सर, संध्याकाळपर्यंत बघायला कुणीतरी राहिलं पाहिजे.” त्यावर ते म्हणाले, “वाक्यरचना चांगली आहे.” मी फोन ठेवला. ‘इतर’चा संकेतशब्द कीबोर्डच्या पोटाला चिकटवलेला असतो (कुठल्याही ऑफिसात तो तिथंच असतो, तुमच्या वेळी किल्ली पायपुसण्याखाली असायची तशी). मग ते बटण दाबलं गेलं, मजकूर टाइप झाला आणि पाठवण्यात आला. तो जसाच्या तसा देतो:

‘तलावाच्या मैदानावर कुणीही जाऊ नका. विषारी वायु सुटलाय. सगळे ग्रंथालयाच्या टेकडीवर चढा. पळू नका, ढकलू नका, पण आत्ता निघा. रुमाल नाहीतर ओढणी ओली करून नाकाला लावा. वह्या डबे राहू द्या, नंतर मिळतील. मागे राहिलेल्याला हाक मारा. सराव नाही, खरं आहे.’

अर्ध्या मिनिटात आमच्या डोक्यावरचा जिना दणाणायला लागला. झरोक्यातून नुसते पाय दिसत होते. बूट, चपला, उंच टाचा, एका प्राध्यापकांचे मोजे. सगळे टेकडीच्या दिशेनं. त्याच वेळी त्या प्रयोगशाळेतल्या मुली शिकवल्याप्रमाणे मैदानाच्या फाटकापर्यंत पोचल्या होत्या. संदेश यायच्या आधीच निघाल्या होत्या, वास आला म्हणून. एकीनं फोन बघितला, मोठ्यानं वाचून दाखवला, आणि सगळ्या फाटकातून माघारी फिरल्या. हे नंतर मला त्यांच्या बाईंनी सांगितलं.

आणि तेवढ्यात टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या, “साहेब, सुरक्षाप्रमुख कुठं असतील?” पहारेकऱ्यांनी त्यांना वर्दी दिली असणारच, आणि मग पुस्तिकेप्रमाणे ते एकाच ठिकाणी असणार होते. मैदानाच्या मधोमध, वही घेऊन, आलेल्यांची मोजणी करायला. आणि ‘आपत्काळात दूरध्वनी मोकळा ठेवावा’ या कलमाचा अर्थ त्यांनी बंद ठेवावा असा लावला होता.

मग मी पळालो. मामा, हसू नका. सातवीच्या लिंबू-चमच्यानंतर मी प्रथमच पळत होतो, आणि तेव्हाही लिंबू पडलंच होतं. तोंडावर ओला रुमाल, अंगात नारिंगी जाकीट, सगळं विद्यापीठ टेकडीकडे आणि मी एकटा उलटा. येणारी मुलं ओरडत होती, “काका, इकडं! इकडं!” मैदानाच्या कडेला पोचलो तर तलावाच्या भिंतीपाशी गवताला लागून पिवळट धूर सरपटत होता. मांजर चिमणीवर दबकत येतं ना, तसा. आणि प्रमुख ताठ उभे, हातात कोरी वही.

“समन्वयक, तुम्ही नेमून दिलेल्या जागी का नाही?”

“साहेब, चला इथनं! वारा इकडंच आहे.”

“लोक कुठं आहेत? सात मिनिटं झाली.”

“लोक टेकडीवर आहेत.”

“कुणाच्या आदेशानं?”

“माझ्या!” (असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. घरी तर कधीच नाही.)

“लेखी आहे?”

मी फोन समोर धरला. त्यांनी खिशातून चष्मा काढला. पुसला. घातला. वाचायला लागले. ‘ढकलू नका’पर्यंत आले आणि त्यांना असा ठसका लागला की ते गुडघ्यावरच बसले. मी त्यांचा पट्टा धरला आणि ओढायला लागलो. माझेही डोळे चुरचुरत होते, छातीत कुणीतरी पाटा-वरवंटा चालवल्यासारखं होत होतं. धिप्पाड माणूस तो. दहा पावलं ओढलं, मग ते उठले, मग त्यांनी माझा पट्टा धरला, आणि एकमेकांचे पट्टे धरून आम्ही ती टेकडी चढलो. वाटेत ते एकदाच बोलले: “लेखी होतं म्हणून आलो.”

अग्निशामकवाल्यांनी मुखवटे घालून चाळीस मिनिटांत टाकी बंद केली. मास्तर तीन दिवस दवाखान्यात होते, आता डोळे निवळलेत. प्रमुख दोन दिवस ऑक्सिजनवर होते आणि तिथून त्यांनी पहारेकऱ्यांची हजेरी घेतली. माझा नुसता घसा गेला. बाकी एकोणीसशे माणसांपैकी एकालाही काही झालं नाही. टेकडीवर मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. ग्रंथालयाच्या फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, ‘मागे राहिलेल्याला हाक मारा’, आणि ग्रंथपाल ते पुसू देत नाहीत.

शुक्रवारी मला कारणे दाखवा नोटीस आली. तीन आरोप आहेत. एक, तिघांची परवानगी न घेता ‘इतर’चा वापर. दोन, मंजूर जमण्याच्या ठिकाणाबाबत परस्पर बदल. तीन, अधिकृत संदेशात ‘सुटलाय’ असे बोलीरूप वापरणे व ‘वायू’तील यू ऱ्हस्व लिहिणे. येता सोडून पुढच्या सोमवारपर्यंत लेखी खुलासा मागितला आहे. पहिल्या दोन्हींबद्दल कुलसचिव खासगीत म्हणाले, “अहो, औपचारिकता आहे, काहीतरी लिहून द्या.” तिसऱ्याबद्दल मात्र भाषा विभाग गंभीर आहे.

असो. लिहिता लिहिता हात दुखला. आईला यातलं काही कळवू नका. तिला मी सांगितलंय की घसा आइस्क्रीमनं बसला. मामीला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद आणि दाढ काढून घ्या.

तुमचा, बसक्या आवाजाचा,
भाचा

ता. क. मामा, पत्र लिहायचं खरं कारण आता सांगतो. वर मी ‘मजकूर टाइप झाला’ असं लिहिलंय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पस्तीस वर्षं ऑफिसच्या पत्रांत तुम्ही हेच केलंत. तो मजकूर मी लिहिलेला नाही. घाईत माझा संकेतशब्दच तीनदा चुकला. टेलिफोनवाल्या बाई भिंत ओलांडून आल्या, मला स्टुलावरून उठवलं आणि उभ्या उभ्या एका दमात टाइप केला, घरी पोरांना दटावतात तसा. मी फक्त शेजारी उभा होतो. पळालो ते मीच, पण तेही त्यांनी आठवण करून दिली म्हणून. आता हंगामी माणसानं त्या यंत्राला हात लावणं हा गुन्हा आहे, आणि अकरा वर्षांनी त्यांना कायम करायची फाइल पुढच्याच महिन्यात कुलसचिवांच्या टेबलावर येते आहे. त्या मला म्हणाल्या, “साहेब, माझं नाव काढू नका. पोरगी बारावीला आहे.” तेव्हा टाळ्या मी घेतल्या. टाळ्या वाजत असताना त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या आणि त्यासुद्धा वाजवत होत्या. मला कुठं बघावं कळेना. तर मामा, मला असा खुलासा लिहून द्या की दोष सगळा माझ्या माथी येईल, पण मजकूर मी लिहिला असं खोटंही कुठं नसेल. वाक्यात कर्ताच नको. श्रेय तसंच मोकळं ठेवा. त्यांची ऑर्डर निघाली की दुसऱ्या दिवशी मी स्वतः अर्ज करून ते त्यांच्या नावावर लावून घेईन. हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. त्या सोमवारच्या आत हवं, तेव्हा दोन दिवस बाजूला ठेवायचं रद्द समजा.

ता. क. दुसरं: उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, घरच्या नको. सौ.नं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलंय की असा मजकूर आमच्याच ‘ह्यां’ना सुचू शकतो, आणि चार दिवस मला सकाळचा चहा अंथरुणात मिळतोय. तिला मी खरं सांगणार आहे. नक्की सांगणार आहे. या आठवड्यात थंडी जरा जास्त आहे.