अनिशच्या नासपतीच्या सायडरची तपासणी

थेरगाव, शनिवार

तीर्थरूप सुमनताईस,

धाकट्या मुकुंदाचा नमस्कार इथूनच पायांपर्यंत पोचला असं समज. (वाकणं होत नाही, पाठीने संप पुकारलाय.) तुझा गुडघा काय म्हणतो? मृदुलाने दिलेली मेथीची पूड दाजी खातात की अजून गुपचूप तुळशीच्या कुंडीत टाकतात? आम्ही सगळे खुशाल. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि या हकिकतीत दारूचा उल्लेख आहे. दाजींच्या गळ्यात माळ, तेव्हा हे तू एकटीनेच वाचावंस हे बरं.

प्रकरण आपल्या अबोलीचं आहे. माण गावाला तिच्या कंपनीत अनिश नावाचा मुलगा होता. चांगली नोकरी सोडून तो आता चाकणजवळ एका शेडमध्ये नासपतीचं सायडर बनवतो. सायडर म्हणजे फळांचा रस आंबवून केलेलं फेसाळ पेय, बिअरचं चुलत भावंड म्हण. (परवाना रीतसर आहे, भिंतीवर टांगलेला मी वाचून आलो. पण परवान्याने त्याचं कोकम सरबत होत नाही.) मागच्या आठवड्यात अबोली म्हणाली, "बाबा, अनिशकडे नवीन चवी चाखायला बोलावलंय. तुम्ही दोघंही चला ना." लग्नाच्या वयाची मुलगी आईबापांना एखाद्या मुलाच्या दारात नेते म्हणजे काय, हे आम्हाला सांगावं लागलं नाही. मृदुलाने नवी साडी काढली. मी निर्धार केला, की या मुलाला नापास करायचं.

पण माझी अडचण तुला ठाऊक आहे. उभी हयात ब्रेकचे सुटे भाग तपासण्यात गेली. माल हातात न घेता नापास करणं मला कधी जमलं नाही. म्हणजे ते सायडर प्यायला हवं होतं, आणि मी तर कंपनीच्या निरोपाच्या पार्टीतसुद्धा लिंबूपाणी घेऊन बसलेला माणूस. तरी मागे हटलो नाही. खिशात भिंग आणि बॅटरी टाकली आणि रविवारी सकाळी पोटभर पोहे खाऊन निघालो.

अनिश दारातच उभा होता. किडकिडीत, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, चष्म्यावर वाफ. सोबत त्याचा भागीदार निरंजन, हा नुसता बोलतो. मी आधी बाटल्या पाहिल्या. एका बाटलीचं लेबल तिरकं होतं. तसं सांगितल्यावर अनिशने वाद न घालता ते काढून पुन्हा लावलं. (हे मला मुळीच आवडलं नाही. वाद घालणारा मुलगा नापास करायला सोपा असतो.) मग नुसत्या नासपतीचा पहिला ग्लास आला. ताई, खोटं कशाला सांगू, चव आवडली. पिकल्या फळाची गोडी, मागून हलका आंबटपणा आणि नाकात गुदगुल्या. मी तोंड शक्य तेवढं वाकडं केलं. दुसरं स्ट्रॉबेरी घातलेलं. त्यात खोट सापडेना म्हणून पुन्हा मागितलं, तरी सापडेना म्हणून आणखी एकदा. मृदुला मला चिमटे काढत होती, पण नमुना अपुरा ठेवून शेरा मारणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तेवढ्यात प्लास्टिकची खुर्ची माझ्याखालून एका बाजूला सरकली. (खुर्चीचा पाय अधू होता. अबोलीचं मत वेगळं आहे.)

मग आलं करवंद मुरवलेलं. यावर अनिशची सगळी भिस्त होती. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलने ही अख्खी टाकी मागितली होती, पहिलीच मोठी ऑर्डर. रंग असा की बघत राहावं. मृदुला "छान" म्हणाली, अबोली "मस्त" म्हणाली, निरंजन तर डोळेच मिटून बसला. मी ग्लास नाकाशी नेला आणि थांबलो. तळाशी कुठेतरी व्हिनेगरचा वास होता. अगदी पुसट, पण होता. मनात उकळ्या फुटल्या. ग्लास टेबलावर ठेवून म्हणालो, "रिजेक्ट."

निरंजन हसत म्हणाला, "काका, तुम्ही कधी घेत नाही ना, म्हणून तसं वाटतंय."

अनिश हसला नाही. त्याने माझाच ग्लास उचलला, वास घेतला, घोट घेतला, मग टाकीतून ताजं काढून पुन्हा घेतला. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. "काका बरोबर आहेत," तो म्हणाला. "बिघडायला लागलंय."

"अरे राव, कोणाला कळणारे?" निरंजन कळवळला. "बर्फात घालून देतात ते लोक!"

"मला कळलंय ना," अनिश म्हणाला. त्याने हॉटेलला फोन करून खरं ते सांगितलं आणि टाकीचा नळ उघडला. ती सगळी लाली मोरीच्या जाळीतून खाली गेली. तो शेवटपर्यंत तिथेच उभा होता, चष्मा पुसत.

ताई, मी नोकरीत कितीतरी माल नापास केला. दर वेळी वरून कोणीतरी यायचं, "साहेब, जाऊ द्या, एवढा लॉट ॲडजस्ट करा," आणि माल मागच्या दाराने निघून जायचा. माझ्या शब्दावर कोणी नळ उघडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. उठलो, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "माझी मुलगी तुला दिली." मृदुला रडली. निरंजनने टाळ्या वाजवल्या. अनिश हातात पाइप घेऊन पुतळ्यासारखा उभा राहिला आणि अबोली लाजेने लालबुंद झाली. तर साखरपुड्याला तू आणि दाजी आठ दिवस आधी या.

तुझा,
मुकुंद

ता. क. अबोलीने वरचं वाचलं. ती लाज नव्हती म्हणे, संताप होता. त्या मुलाने तिला अजून काही विचारलेलंच नाही, आम्हाला नेलं ते फक्त चव घ्यायला. त्या दिवसापासून तो तिचा फोनही उचलत नाही. चौकशी केली तेव्हा त्याची आत्या शालनबाई तुमच्या करमाळ्यातलीच, तुझ्याच भजनी मंडळातली निघाली. तर आता हे पत्र त्यासाठीच समज. मुलगा घाबरलाय की रागावलाय, एवढं त्यांच्याकडून हळूच काढून घे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तोच खाली अनिश आला. त्याचा फोन त्याच दिवशी टाकी धुताना पाण्यात पडला होता. अबोली चपला न घालताच खाली गेली. आम्ही दोघं गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे उभे होतो, पण एक शब्द ऐकू येईल तर शपथ. शेवटी तिनेच वर बघून ओरडून सांगितलं, "बाबा, मीच विचारलं! हो म्हणाला!" शेजारच्या तिन्ही गॅलऱ्यांनी ऐकलं. तेव्हा शालनबाईंकडे जाऊ नकोस, बॅग भर.