जुना कचरा म्हणून काढलेल्या दोन ओळी

२४ एप्रिल २०१९

...टँकरच्या वाटेवर हंडे रांगेला लावले, शेळीला कडबा टाकला, केर काढला आणि डेअरीचं कुलूप उघडलं. बुधवारची सकाळ रोजच्यासारखीच होती. मग छबुबाईच्या म्हशीचं दूध मशीनला लावलं. फॅट ३.४. म्हशीच्या दुधाला! सलग तिसऱ्या दिवशी कमी.

चेअरमन आप्पाराव रांगेसमोरच म्हणाले, "छबुबाई, पाणी सांडायला दूधच घावलं का तुला?"

"टँकर येऊन चार दिस झाले. प्यायला न्हाई, आन् दुधात कुठलं घालू?"

रांग हसली. आप्पाराव नाही. तीनदा कमी भरलं की दूध बंद, सोसायटीचा नियम. फळ्यावर तिचं नाव मीच लिहिलं. मशीनवर मी बसते ना!

२५ एप्रिल

टँकरवर छबुबाई भेटली. मला बघून तोंड फिरवलं. घागर उचलून गेली. हे गेले तेव्हा दहा दिवस माझ्या घरी भाकरी हिनेच पोचवली होती.

२६ एप्रिल

जुने आकडे काढून बघितले. तिन्ही दिवस रांगेत छबुबाईच्या पुढे दगडाबाई, गाईचं दूध. तिचा जो आकडा, तोच छबुबाईचा. जसाच्या तसा! शेजारणीच्या दुधाशी जुळवून पाणी घालतं का कोणी?

म्हणजे घोळ ड्रायव्हरमध्ये. मशीनचं बोलणं कॉम्प्युटरला कळवणारा दुभाषा तो. यांनी लिहून कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसवला होता. दोन वर्षं मीच सांभाळते. शिकले यांच्याच पुस्तकांवरून, शब्दकोश मांडीवर घेऊन.

२७ एप्रिल

सापडलं! घट्ट दूध नळीत तुंबलं की मशीनला वाचता येत नाही, आणि तसं सांगायला उणे आकडा येतो. पण तो ठेवायचा डबा फक्त शून्य आणि अधिक आकड्यांचा! उणे त्यात गेलं की भलामोठा अधिक होऊन बसतं. उणे आलं का, हे पुढे कोणी विचारतही नाही. वाचलं असंच धरलं जातं, नवा आकडा तर आलेलाच नसतो, मग आधीच्या बाईचा आकडा तसाच छापला जातो. नळी या उन्हाळ्यातच तुंबायला लागली. आणि गावात म्हैस एकट्या छबुबाईची — बाकीच्या चारा छावणीत.

अहो, एवढं कसं सुचलं नाही तुम्हाला? मला घाई करू नको म्हणणारे तुम्ही! बाईचं नाव फळ्यावर चढलं, आणि तुम्ही फोटोत हसताय. चूलच पेटवली नाही आज. भांडायचं तरी कोणाशी?

२८ एप्रिल

लाइट नाही. दिवसभर.

२९ एप्रिल

डबा बदलला, उणे मावेल असा. तपासणी घातली. नळी चिमटीत धरली — 'वाचता आले नाही' असं स्क्रीनवर आलं. बरोबर!

आप्पारावांना सांगितलं. म्हणाले, "वहिनी, मोहनरावची चूक हुती म्हणून सांगू लोकायला. गेलेल्या माणसाला काय लागतंय आता?"

मला लागलं. पण खरंच यांनी ती तपासणी घातली कशी नाही? उद्या कोडाचा जुना इतिहास उघडते. कोणती ओळ कोणी कधी बदलली, सगळं राहतं त्यात.

३० एप्रिल

यांच्या कोडात डबा उण्याचाच होता. तपासणीही होती. दोन ओळी.

गेल्या पावसाळ्यात कम्पायलर, कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा, कुरकुरत होता — प्रकार जुळत नाहीत म्हणून. त्याचं तोंड बंद करायला मी डबा बदलला. मग त्याने सांगितलं, ही तपासणी आता कधीच लागू होणार नाही. मी ती पुसली. खाली शेरा: 'जुना कचरा काढला.' नाव माझं.

१ मे

सकाळी रांग भरल्यावर फळ्यावरचं छबुबाईचं नाव पुसलं. तिथे माझं लिहिलं, आणि मी काय केलं ते सगळ्यांना सांगितलं. मग तिची किटली घ्यायला तिच्या दारी गेले.